पेशंटच्या घरच्यांना व्हॉट्सॲप नंबर द्यावा का? २७ वर्षं लहान मुलं तपासल्यावरचं माझं उत्तर

आमच्याकडे हाउस पोस्ट, म्हणजे शिकाऊ डॉक्टरचं काम, करून गेलेल्या एका मुलीने आता तासगावकडे स्वतःचं लहान मुलांचं हॉस्पिटल काढलंय. तिने विचारलं, "मॅडम, आईवडिलांना व्हॉट्सॲप नंबर द्यायचा का? ग्रुप करायचा का? इन्स्टावर रील टाकू का, आणि तुम्ही ब्लॉग लिहायचात तसं आता कोण वाचतं का? आमचे सर म्हणतात यातलं काहीच करू नकोस, जगू देणार नाहीत." दोन ओळीत उत्तर देता आलं असतं पण या विषयात मी चुकाही केल्यात आणि त्यातून शिकलेलं कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अगं, नंबर दे. १९९८ ला मी सांगलीत सुरुवात केली तेव्हा हॉस्पिटलला एक लँडलाइन होता आणि खेड्यातली आई एसटीडी बूथवरून फोन करायची, मीटरकडे बघत बघत, त्यामुळे तिला खरं विचारायचं असायचं ते राहूनच जायचं. आज तीच आई रात्री लेकराला झोपवून शांतपणे लिहिते की मॅडम, सासूबाई बाळाला मध चाटवतात, मी काय करू. ओपीडीत सासू शेजारी बसलेली असताना हे तिने कधी विचारलं नसतं. हे मी शंभर वेळा पाहिलंय, आणि फक्त यासाठीसुद्धा नंबर द्यावा असं माझं मत आहे. (मधाचं उत्तर तुला माहितीच आहे, वर्षाच्या आत अजिबात नाही.)

पण एक गोष्ट आधी समजून घे. बोललेलं ज्याच्याशी बोललो त्याच्यापाशी राहतं, लिहिलेलं राहत नाही. ते त्या मुलाला सोडून दुसऱ्या मुलाकडे जातं, आणि जाताना वजन, वय, तारीख सगळं मागे ठेवून जातं. ब्लॉग काय, फेसबुक काय, व्हॉट्सॲप काय, आपल्या कामात यांनी जो बदल केलाय त्याच्या मुळाशी मला हेच दिसतं, आणि मला ते एका पाच महिन्यांच्या बाळामुळे कळलं.

२०१६ चा जून होता. मी एका लग्नात होते. विश्रामबागच्या एका अपार्टमेंटमधल्या आईचा मेसेज आला, दोन वर्षांचा मुलगा, १२ किलो, ताप १०२. घरात कुठलं औषध आहे ते मला माहीत होतं, कारण मीच लिहून दिलं होतं, ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅमवालं पॅरासिटामॉल. किलोला १५ मिलिग्रॅम धरून हिशोब केला आणि लिहिलं, "पॅरासिटामॉल साडेतीन एमएल द्या, ताप असेल तर सहा तासांनी परत." डोस बरोबर होता, मुलगा सकाळी खेळायला लागला. तिने मात्र चांगल्या मनाने त्याचा स्क्रीनशॉट बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, की साथ चालू आहे, आमच्या मॅडमनी हे सांगितलंय. वरच्या मजल्यावर पाच महिन्यांचं बाळ होतं, सहा किलोचं, त्यालाही ताप, आणि त्या घरात बाटली होती ड्रॉप्सची. ड्रॉप्समध्ये १ एमएललाच १०० मिलिग्रॅम असतात. द्यायचे होते साधारण ९० मिलिग्रॅम, त्यांनी साडेतीन एमएल म्हणजे ३५० दिले, आणि सहा तासांनी परत ३५०. तिसरा डोस द्यायच्या आधी बाळाच्या आजोबांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं म्हणून निभावलं. बाळाला दोन दिवस ॲडमिट ठेवलं, लिव्हरच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं, घरी गेलं. पण ते दोन दिवस मी कसे काढले ते मला माहीत. त्या पहिल्या आईची काही चूक नव्हती. तिने शेजारणीला मदत केली, तिच्या आईनेही तेच केलं असतं, फक्त तिच्या आईने जिना चढून जाऊन सांगितलं असतं आणि सांगताना समोर बाळ केवढंय ते दिसलं असतं.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक मेसेजमध्ये मुलाचं नाव, वजन, औषधाचं नाव त्याच्या पॉवरसकट आणि तारीख असते, आणि शेवटी "हे फक्त अमुकसाठी" असं असतं. टाइप करायला कंटाळा येतो, पण व्हॉट्सॲपच्या बिझनेसवाल्या ॲपमध्ये ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, तिथे साचा करून ठेव, नाव आणि आकडे तेवढे भर. आणि बाटलीचा फोटो मागितल्याशिवाय एमएल सांगायचं नाही. कधीही नाही, आई कितीही घाईत असली तरी, फोटो काढायला दहा सेकंद लागतात.

तारखेचं महत्त्व २०१९ च्या पुरात कळलं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. आमचं हॉस्पिटल कोरडं राहिलं, पण गावभाग, खणभाग, हरिपूर रोड पाण्यात. त्या दिवसांत या फोननी जे काम केलं ते मी विसरणार नाही, कुठे दूध पावडर पाहिजे, कुठे दम्याच्या मुलाचा पंप संपलाय, कुणाची प्रसूती जवळ आलीय, सगळं तासाभरात कळायचं. आणि त्याच वेळी हरिपूर रोडच्या एका दोन महिन्यांच्या बाळासाठी दूध पाहिजे हा मेसेज बाळ मिरजेला मावशीकडे पोचल्यावरसुद्धा तीन दिवस फिरत होता, कारण त्यात ना तारीख ना वेळ, आणि ज्याला ज्याला मिळाला त्याला तो आत्ताचाच वाटायचा. बोटवाली पोरं दोनदा त्या घराशी जाऊन आली. तेवढ्यात त्यांनी दुसरं कुणीतरी बाहेर काढलं असतं. तेव्हा कुठलीही गरज लिहिताना तारीख, वेळ लिहायची आणि भागली की त्याच ग्रुपवर "मिळालं, थांबवा" असं टाकायचं हे आम्ही तिथे शिकलो, आजही रक्ताच्या मेसेजला आम्ही हेच करतो.

आता फोनवर काय दिसतं आणि काय दिसत नाही. व्हॉइस नोट हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. जिला लिहिता येत नाही किंवा लिहायला लाजते ती आपल्या भाषेत बोलते, "मॅडम, बाळ सकाळपासनं दूधच वढंना झालंय, नुसतं कण्हतंय." या एका वाक्यात मला जे कळतं ते टाइप केलेल्या "baby not feeding" छापाच्या मेसेजमधून कळत नाही, आणि मागे बाळाचं कण्हणं खरंच ऐकू येतं. दोनदा तरी मी नुसता आवाज ऐकून लगेच निघा म्हटलंय. व्हिडिओही कामाचा, पण आईला काढायला शिकवावा लागतो. लोक तोंडाचा काढतात. त्यांना सांगायचं, अंगातलं वर घ्या, छाती आणि पोट दिसू दे, बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट काढा. मग श्वास मोजता येतात, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे बोलवायचंच. "पोट उडतंय" असं आपल्याकडे आजी म्हणते ते हेच, आणि आजी म्हणाली तर व्हिडिओची पण वाट बघू नकोस.

काविळीचा फोटो मात्र अजिबात बघायचा नाही. म्हणजे बघ, पण त्यावरून मत देऊ नकोस. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक बाळ पिवळं दिसतं आणि पांढऱ्या एलईडीखाली खरं पिवळं बाळही गोरं दिसतं, शिवाय आजकाल फोन आपणहून रंग सुधारून देतो. चार दिवसांच्या बाळाची कावीळ दिवसाच्या उजेडात डोळ्यांनी बघायची आणि शंका आली तर रक्त तपासायचं, याला दुसरा मार्ग नाही. पुरळाचंही तसंच, दाबल्यावर लाली जाते की राहते हे फोटोत कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, मी वकील नाही पण एवढं प्रत्येकाला माहीत पाहिजे. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका केसमध्ये, बाळंतपणानंतर पेशंट दगावली होती आणि फोनवरून औषधोपचार सांगितले होते, मुंबई हायकोर्टाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, आणि आम्ही सगळे इतके घाबरलो की बरेच जण फोनच उचलेनासे झाले. मग २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि व्हॉट्सॲपसकट सगळ्या माध्यमांना चौकट मिळाली. आपल्या कामापुरतं त्यातलं हे, की मूल असेल तर बोलताना मोठं माणूस सोबत पाहिजे आणि ते कोण हे माहीत पाहिजे, प्रिस्क्रिप्शनवर आपला रजिस्ट्रेशन नंबर पाहिजे, झालेल्या बोलण्याची नोंद ठेवायची, आणि कुठल्याही क्षणी "हे फोनवर नाही होणार, घेऊन या" म्हणायचा तुला हक्क आहे. तो हक्क सढळ हाताने वापर. नवीन डॉक्टरला वाटतं बोलावलं तर लोक म्हणतील फीसाठी बोलावते. म्हणू देत.

ग्रुपबद्दल सांगते, आयांचा ग्रुप करू नकोस. मी केला होता, २०१४-१५ मध्ये, १०० च्या आसपास आया होत्या, हेतू चांगला होता. सहा महिन्यात काय झालं, तर एकीच्या मुलाच्या वजनावर दुसरीने बोलायला सुरुवात केली, "माझा आठ महिन्यात नऊ किलो होता", आणि एक आई दूध कमी पडतंय असं समजून रडत माझ्याकडे आली, बाळ तिचं उत्तम होतं. मग कुणीतरी स्वतःचा अनुभव म्हणून डब्याच्या पावडरीची तारीफ करायला लागलं, रोज, फोटोसकट, आणि नंतर कळलं की ती बाई विक्रीतली होती. दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठीच्या अशा दूध पावडरीच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, पण मैत्रिणीने मैत्रिणीला सांगितल्यासारखं आलं की ती जाहिरात आहे हे ओळखणार कोण? आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, ते कुठे कुठे गेले मला माहीत नाही, मी त्या आयांची माफी मागून ग्रुप बंद केला. ब्रॉडकास्ट लिस्ट कर. ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातं, एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, उत्तर फक्त तुला येतं. लसीकरणाची आठवण, साथीची माहिती, ओपीडी बंद असल्याचा निरोप, यापलीकडे त्यावर काही टाकू नकोस, सुप्रभात तर नाहीच.

अफवांशी त्याच माध्यमात भांडत बसू नकोस हेही सांगते. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आली, नऊ महिने ते पंधरा वर्षं, शाळाशाळांतून. शाळेच्या पालक ग्रुपांवर मेसेज फिरायला लागले की या इंजेक्शनने पुढे मूल होत नाही. आम्ही डॉक्टरांनी लांबलचक खुलासे लिहिले, ते कुणी वाचले नाहीत. शेवटी मी माझ्याकडे जन्मापासून येणाऱ्या सात-आठ आयांना फोन केले, एकेकीशी बोलले, आणि त्यांना म्हटलं की तुमच्या मुलीला दिलं की तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर तेवढं लिहा, "आमच्या मुलीने आज घेतलं." त्या एका ओळीने जे झालं ते माझ्या खुलाशाने झालं नव्हतं. लोक ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवतात, त्यात वाईट काही नाही, आपण त्या ओळखीतून जायचं.

आपल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर मात्र जरूर राहा. एका रात्री ११ ला तीन वर्षांची मुलगी आली, पैसा गिळलाय म्हणून. एक्स-रेचा फोटो ग्रुपवर टाकला, चार मिनिटांत मिरजेच्या एका सर्जन सरांचा फोन, "कडेला दुहेरी गोल दिसतोय, नाणं नाहीये, बटण सेल आहे, आत्ता पाठव." अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत जखम करायला लागतो. सेल रात्रीच निघाला, मुलगी आता सातवीत आहे. लहान गावात एकट्या बसलेल्या डॉक्टरला हा आधार १९९८ मध्ये नव्हता. फक्त फोटो टाकताना नाव, चेहरा, नोंदणी क्रमांक झाकायचा. हे फार जण करत नाहीत आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण तो एक्स-रे तुझा नाही, त्या मुलीचा आहे.

आता जे मला सगळ्यात जड वाटतं ते. पूर्वी रिपोर्ट लॅबमधून आपल्याकडे यायचा आणि आपण आईवडिलांना समोर बसवून सांगायचो. आता पीडीएफ सरळ वडिलांच्या फोनवर जाते, बऱ्याचदा आपल्या आधी. चारेक वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या एका मुलाचा रक्ताचा रिपोर्ट रात्री ९ ला असाच गेला. मी जेवत होते. वडिलांचा मेसेज, "मॅडम ब्लास्ट सेल म्हणजे काय?" (रक्ताच्या कॅन्सरमध्ये रक्तात दिसणाऱ्या कच्च्या पेशी.) खाली दोन निळ्या टिका पडल्या, म्हणजे त्यांना कळलं की मी वाचलंय, आणि आता माझी गप्प राहण्याची मुदतही मोजली जात होती. २०१४ ला त्या निळ्या टिका आल्या तेव्हा त्या अशा वेळी किती जड होतील याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. मी काही लिहिलं नाही. फोन केला, म्हटलं दोघंही आत्ता या, मुलाला आजीपाशी ठेवा. ते अर्ध्या तासात आले, तोवर वडिलांनी गूगल केलं होतं, भावाला पाठवलं होतं, भावाने पुण्याच्या मित्राला. आईला अजून काही माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं, हात धरून, आणि तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला वेळ दिला, ११ वाजून गेले. तो मुलगा आज बरा आहे, शाळेत जातो. पण वडील नंतर म्हणाले, मॅडम, तो अर्धा तास नको होता. म्हणून आता माझ्याकडे ठरलेलं आहे, ज्या तपासणीत असं काही निघायची शक्यता वाटते तिथे मी आधीच लॅबला सांगते की रिपोर्ट आधी मला, आणि आईवडिलांनाही सांगते की उद्या ५ ला या, आपण एकत्र बघू. वाईट बातमी लिहायची नाही. इमोजी टाकून तर नाहीच, व्हॉइस नोटवर पण नाही.

हे घरातही मी पाळते. माझ्या आईला तिच्या मामेभावाच्या जाण्याची बातमी फॅमिली ग्रुपवरच्या "भावपूर्ण श्रद्धांजली"ने कळली, दुपारी एकटी असताना, खाली १४ जणांनी हात जोडले होते आणि फोन एकाचाही नव्हता. ८१ वर्षांची बाई, ज्याच्याबरोबर लहानपणी चिंचा पाडल्या त्या भावाची बातमी तिने अशी वाचली. कुणी वाईट नव्हतं त्यात, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने फोन केला असेल.

ब्लॉगचं विचारलंस. हो, लिही. मी २००८ ला सुरू केला तेव्हा गमभन वापरून देवनागरी टाइप करायचे, एक पान लिहायला रविवार जायचा. तापावर लिहिलेला तो पहिला लेख आजही वाचला जातो, दुबईतल्या, पुण्यातल्या मराठी आया रात्री दोनला वाचून प्रश्न विचारतात. ब्लॉगचा खरा फायदा हा की तो दुरुस्त करता येतो. २०२३ च्या डिसेंबरात सर्दीच्या एका ठरावीक मिश्रणाला चार वर्षांखाली मनाई झाली, मी जुन्या लेखात त्याच दिवशी बदल केला आणि वर तारीख टाकली. २०२५ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याची ती भयंकर बातमी आली, खोकल्याच्या औषधात विषारी रसायन निघालं, मुलं गेली, तेव्हा एका संध्याकाळी मला ६० च्या वर बाटल्यांचे फोटो आले. प्रत्येकीला वेगळं उत्तर देणं शक्यच नव्हतं. मी लेख पुन्हा लिहिला, दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध नाही, पाचपर्यंतही शक्यतो नाही, काय करायचं, कधी यायचं, आणि लिंक पाठवली. ती लिंक कितीही फिरली तरी आत माझंच शेवटचं दुरुस्त केलेलं असतं. स्क्रीनशॉटला हे जमत नाही.

रील मी केलेले नाहीत, तुला जमत असतील तर कर, फक्त पेशंटचं मूल त्यात नको, आईने हो म्हटलं तरी नको, डॉक्टरला नाही म्हणणं तिला अवघड जातं.

शेवटी दारावर लावायला. माझ्याकडे जो फलक आहे तोच घे: "साधी शंका असेल तर व्हॉट्सॲप करा, मुलाचं नाव, वय, वजन आणि औषधाच्या बाटलीचा फोटो पाठवा, उत्तर दुपारी २ ते ३ आणि रात्री ८ ते ९ मध्ये मिळेल. पोट उडणं, झटका, दूध न ओढणं, सहा तास शू न होणं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, यातलं काहीही असेल तर मेसेज करू नका, फोन करा, कुठल्याही वेळी." मोठ्या अक्षरात लाव, लांबून वाचता येईल एवढ्या, कारण मेसेज नको, फोनच लाव असं सुनेला सांगणारी बहुतेक घरांत आजी असते आणि चष्मा तिने घरीच ठेवलेला असतो.